राहिलेला शेवटचा भाग

चिंचेचा आंबट वास आला की पाथर्डीकडच्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि पुढे शिकवायचं की लग्न लावायचं, हे घरात ठरत नव्हतं. आई दारात चिंचा फोडत रोज सातची मालिका बघायची. त्यातली पोर घरच्यांशी भांडून कॉलेजात गेली होती आणि तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी सातला भलतीच मालिका लागली. आईला वाटलं, चॅनल चुकलं. मी म्हणाले, "आये, बंद केली ती." शेजारची काकू खुदकन हसली, "बघ, पास व्हायच्या आधीच गुंडाळली. पोरींच्या शिकन्याचं असंच हाय." आईने हातोडी आपटली. "वरीसभर बघितली म्या, ती काय अर्धी सोडायला व्हय? निकाल लागू दे, हिचं नाव कालिजात घालायचं म्हंजी घालायचं!" तीन वर्षांनी मी बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली. माझी पदवी आईने टीव्हीच्या बरोबर वर टांगलीय आणि आल्या-गेल्याला, काकूला तर हमखास, ती आजही दाखवते, "आमच्या मालिकेचा शेवटचा भाग हाय ह्यो."