मास्तरांची पुरवणी

कुठल्याही गाडीत बसले की मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. बसमध्ये, टॅक्सीत, एकदा तर रुग्णवाहिकेत आडवे असतानासुद्धा. पाण्याऐवजी ते बर्फाचा खडा गालात धरायचे आणि तो विरघळेपर्यंत बोलायचे नाहीत. दुकानात पाकीट हातात घेतलं की आधी पाठ बघायचे, मग तोंड. चष्मा पुसायचे तो शर्टाच्या आतल्या बाजूने. मधूनच डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. डायलिसिससाठी तिथे दोन नसा एकमेकींना जोडल्या होत्या, त्या कातडीखाली सारख्या थरथरायच्या. कोणी विचारलं तर म्हणायचे, इंजिन चालू आहे का बघतोय. आणि कोणी कशालाही चांगलं म्हटलं की लगेच विचारायचे, "कोणासाठी?"

या शेवटच्या सवयीने लोक वैतागायचे. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायच्या की लग्न ठरताना मुलगी चांगली आहे असं कोणीतरी सांगितलं असेल, तेव्हाही यांनी हेच विचारलं असणार.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी होता आणि दुसरा मास्तरांच्या. एक मुलगी त्यांच्याकडे शिकायला आली, ती तेव्हा साहित्याची पदवी घेऊन घरी बसली होती. पहिल्याच दिवशी तिने आरशात नीट बघून गाडी मागे घेतली आणि कचऱ्याचा डबा आडवा केला. मास्तरांनी शांतपणे विचारलं, कवितेतले आरसे वेगळे असतात का? त्या दिवसापासून तिचं नाव साहित्यिक पडलं. पुढे परवाना मिळाला, पण नाव सुटलं नाही. मास्तरांकडे जाणं-येणंही सुटलं नाही. डायलिसिसच्या दिवशी काकूंना जमलं नाही की तीच त्यांना त्यांच्याच गाडीतून घेऊन जायची. मास्तर शेजारी बसायचे. त्यांच्या बाजूचा ब्रेक ते अजूनही दाबायचे. सवय, म्हणायचे.

डायलिसिसची खोली लांबट होती. दोन्ही भिंतींना मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीजवळ एक यंत्र. ते रक्त बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत आत सोडायचं. खिडकीतून मागच्या इमारतीचे पाईप तेवढे दिसायचे. मास्तरांच्या एका बाजूला एक शिंपीकाका असायचे. दुसऱ्या बाजूला मावशी. त्या तिथल्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण नर्सपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे.

सुरुवात मावशींपासून झाली. त्यांच्या नातीने त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं होतं. पाकिटावरच्या काळ्या रेघांवर फोन धरायचा. पदार्थ चांगला असेल तर हिरवा रंग, वाईट असेल तर लाल, मधलं असेल तर पिवळा. मावशींनी कमी मिठाचं सूप आणलं. हिरवं आलं. मावशी ते रोज प्यायला लागल्या. मग एका सकाळी त्यांना उचलूनच आणावं लागलं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते.

मावशी वाचल्या. नर्सने सगळ्यांना समजावलं. नेहमीचं मीठ कमी केलं की चव जाते, म्हणून कंपन्या त्यात पोटॅशियमचं मीठ घालतात. बाकीच्यांना ते बरंच. या खोलीतल्या लोकांचं मूत्रपिंड मात्र ते बाहेर टाकत नाही. ते रक्तात साचतं आणि एक दिवस हृदय बंद पाडतं.

"हिरवं होतं हो," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"कोणासाठी?" मास्तर म्हणाले.

त्या दिवशी कोणी वैतागलं नाही.

मास्तरांनी ॲपवाल्यांना कळवलं. उत्तर गोड आलं. ॲप सगळ्यांसाठी आहे, एका आजारासाठी रंग बदलता येणार नाही. मास्तरांनी पुन्हा कळवलं. इतरांनीही कळवलं असणार, कारण काही महिन्यांनी ॲपवाल्यांनी दार उघडलं. ज्या गटाला हवं त्याने आपली भर स्वतः तयार करावी आणि ॲपला जोडावी. ॲपचा रंग तसाच राहील, त्याच्याखाली गटाची खूण दिसेल. दूध न सोसणाऱ्यांनी एक केलीही होती. तान्ह्या बाळांच्या आयांचीही होती. ॲपवाल्यांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. साहित्यिक म्हणाली, म्हणजे पुरवणी. मूळ उत्तरपत्रिकेत मावलं नाही की दोऱ्याने जोडतो ती.

मास्तरांना शब्द आवडला. गाडी त्यांची, ब्रेक आपला, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

शिंपीकाकांची सून कॉम्प्युटरचं काम करायची. सासऱ्यांचं यंत्र चालू असेतो ती बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. पुरवणी तिने तिथेच बसून बांधली. मास्तर आणि मावशी दुकानांतून पाकिटांच्या पाठींचे फोटो काढून आणायचे. दुकानदाराने हटकलं की मावशी सरळ सांगायच्या, आम्ही चोर नाही हो, आजारी आहोत. वाक्यं लिहायचं काम साहित्यिककडे आलं. पुरवणीच्या लाल खुणेखाली तिने लिहिलं, "आपल्या प्रकृतीचा विचार करता हा पदार्थ टाळणे हितावह ठरेल."

मास्तर म्हणाले, हे वाचून होईपर्यंत माणूस अर्धं पाकीट संपवेल.

मग तिने लिहिलं, "खाऊ नका. यात पोटॅशियमचं मीठ आहे." मास्तरांनी मान डोलावली. पदवीच्या वर्षांत तिला अशी मान कोणी डोलावली नव्हती.

पुरवणी चालली. कुठल्या कुठल्या गावांतून लोक लिहायला लागले. एकाने लिहिलं, वडिलांनी पाकीट परत फळीवर ठेवलं, पण तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मास्तरांनी ते खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले.

अडलं ते पुढे. काही पाकिटांवर पोटॅशियमचं नावच नसायचं. नुसतं "खनिज मीठ" किंवा "मसाला मिश्रण". त्यात काय आहे ते पुरवणीला कळायचं नाही, मग ती गप्प राहायची. वर ॲपचा हिरवा रंग, खाली काहीच नाही.

सून म्हणाली, माहिती नसेल तर काही दाखवायचं नाही, सगळे तसंच करतात. मास्तरांना ते पटेना.

"मी ब्रेकवर पाय ठेवला नाही की शिकणाऱ्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे," ते म्हणाले. "आणि मी असतो शिंकत."

त्यांना करडी खूण हवी होती. कळत नाही, हे सांगणारी. यावरून खोलीत जुंपली. मावशी म्हणाल्या, अर्धं दुकान करडं होईल, मग आम्ही खायचं काय, भिंती? शिंपीकाका म्हणाले, इतकं करडं दिसलं तर लोक लालही बघायचे बंद होतील. मास्तर बर्फाचा खडा गालात धरून ऐकत राहिले. तो विरघळल्यावर एवढंच म्हणाले की मावशी जे प्यायल्या, ते पुढच्या पाकिटावर "खनिज मीठ" म्हणून येईल.  सुनेने करडी खूण तयार केली. तिच्याखाली वाक्य हवं होतं. वाक्याशिवाय ॲपवाले खूण घेत नसत.

साहित्यिकने हात पुढे केला. मास्तर म्हणाले, हे मी लिहितो.

"का? माझी वाक्यं वाईट असतात?"

"चांगली असतात."

"कोणासाठी?" ती म्हणाली.

मास्तर इतके हसले की नर्स ओरडली, सुई हलेल. मग डोळे पुसून म्हणाले, "तुला सगळं सांगता येतं. हे वाक्य सांगता न येण्याचं आहे. ते मलाच लिहू दे."

त्यावर ते बरेच दिवस अडून बसले. गाडीत ती विचारायची, झालं का? मास्तर म्हणायचे, नुसतं माहीत नाही म्हटलं तर लोक म्हणतील मग तुम्ही कशाला आहात. जपून खा म्हटलं तर खातील. खाऊ नका म्हटलं तर ते खोटं होईल, आणि एक खोटं सापडलं की लालवरचाही विश्वास जाईल. असं सगळं सांगून ते खिडकीबाहेर बघायचे आणि पायाने ब्रेक चाचपायचे. सून विचारायची, पाठवू का? मास्तर म्हणायचे, थांब.

मग मास्तरांना ताप आला. साधाच. दोन डायलिसिसच्या मधला मोठा खंड होता तो, तोंडाला चव नव्हती. पहाटे काकू उठल्या तेव्हा मास्तर खुर्चीत बसलेले होते. काकूंनी हाक मारली. मग त्यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम वाढलं असेल. नुसतं हृदयही असू शकतं. या आजारात दोन्ही होतं.

साहित्यिक त्यांच्या घरी पोचली तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. तिला रडू येत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरच्या एकेका वस्तूवर फोन धरत सुटली. बिस्किटं. पाव. टोमॅटोचा सॉस, खाली लाल खूण, न फोडलेला. शेवटी एक सुपाचं पाकीट. कपडे वाळत घालायचा चिमटा लावून त्याचं तोंड बंद केलेलं होतं. वर हिरवा रंग आला. खाली काहीच नाही. तिने पाकीट उलटं केलं. पाठीवर लिहिलं होतं, खनिज मीठ.

मागे काकू उभ्या होत्या.

"दोन दिवस घेत होते थोडं थोडं," काकू म्हणाल्या. "मी फोन धरून बघितलं होतं. लाल आलं नाही."

मास्तरांनी पाठ बघितली असती. पण पाकीट त्यांच्या हातात आलंच नव्हतं. आला तो कप.

"यामुळे झालं का गं?"

साहित्यिकला कितीतरी वाक्यं सुचली. सगळी चांगली होती. ती फोन खाली ठेवून म्हणाली, "सांगता येत नाही, काकू."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. अजून काहीतरी येईल अशा. काही आलं नाही, तेव्हा त्यांनी चिमटा सारखा केला आणि पाकीट होतं तिथे ठेवलं.

सुनेने तिला नंतर लॅपटॉप दाखवला. बाहेरच्या त्याच बाकावर. आत शिंपीकाका आणि मावशी होते, मधल्या खुर्चीत कोणी नवीन माणूस. करडी खूण तयारच होती. खालच्या चौकटीत मास्तरांनी आपल्या फोनवरून लिहायला घेतलं होतं, ताप यायच्या आदल्या दिवशी. लिहून खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. सून म्हणाली, तू पुरं कर, मग पाठवते. साहित्यिकने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला.

चौकटीत एवढंच होतं: "या पाकिटात नक्की काय आहे ते आम्हाला कळत नाही. म्हणून तुम्ही"