थोरलीसाठी पोंगे

थोरली चौथीत होती. डेंग्यूचा ताप आला, वाशिमहून अकोल्याला हलवली आणि तिथून आम्ही तिला झाकूनच घरी आणली. नंतर घरात तिचं नाव कुणी काढत नसे. तिचे फोटो मी कपाटात साड्यांखाली दडवले होते.

यंदा धाकटीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला देशोदेशीचे सण दाखवायचे होते. तिच्या वर्गाला मेक्सिको मिळाला. तिकडे वारलेल्या माणसांचा एक सण असतो. त्या दिवशी ती घरी येतात म्हणे. घरचे लोक फोटो, फुलं, आवडीचं खाणं मांडून त्यांची वाट बघतात.

चेहऱ्यावर कवटी रंगवायची हे ऐकून सासरे भडकले. “लेकराच्या तोंडावर मढं कायले काढता? एक गेली, तेवढं पुरलं नाही का?”

“ते भेव दाखवाले नसते, आबा,” धाकटी म्हणाली. “तिकडचे लोक त्या दिवशी नाचते.”

स्टेजवर खोक्यांच्या पायऱ्या होत्या, झेंडूच्या माळा, कुणाची आजी, कुणाचे काका. आणि मधोमध थोरली. फोटो धाकटीनं कपाटातून कधी काढला, मला पत्ताच नव्हता. पुढ्यात वाटीभर पोंगे, त्या तळलेल्या पोकळ नळ्या. दोघी बहिणी ते दहाही बोटांत घालून एकेक कुरतडायच्या.

“हे माही ताई,” धाकटी माईकवर म्हणाली. “तिले पोंगे लय आवडत होते.”

शेजारून नवरा उठून गेला. कार्यक्रम संपल्यावर तो मला फाटकाबाहेर दिसला, मोटरसायकलच्या सीटवर डोकं टेकून हमसून हमसून रडताना. दवाखान्यातही तो रडला नव्हता.

घरी आल्यावर धाकटीनं अंगणापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकल्या आणि तिथेच बसून राहिली.

“आई, ताई कवा येते?”

“आपल्याकडं तसं नसते, बाई.”

“मंग आपल्याकडं कसं असते?”

दिवेलागणीला ती उंबऱ्यावरच झोपी गेली. मी तिला आत आणून मांडीवर घेतली आणि खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसू लागले. ती आता थोरलीएवढी झाली आहे. नाक, हनुवटी, सगळं तेच. माझा हात थांबला.

डास येतील म्हणून नवरा दार लावायला उठला. तेव्हा सासरे खाटेवरून म्हणाले, “राहू दे उघडं. पोरगी वाट पाहून राह्यली होती.”

कुठल्या पोरीबद्दल ते बोलले, आम्ही विचारलं नाही.