बंद दुकानाची कार्डं

निवृत्तीनंतर बरंच काही विसरलो, पण शनिवार पेठेतलं ते प्रकरण मनातून हलत नाही. मी तिथल्या पोलीस चौकीचा प्रमुख होतो. एका सकाळी कात्रजहून एक गृहस्थ आले. पेठेतलं त्यांचं भांड्यांचं दुकान शॉर्टसर्किटने जळून खाक झालं होतं. तेव्हापासून ते मुलीकडे राहत होते आणि पेठेत फिरकले नव्हते.

कारण विचारलं तर त्यांची मान खाली गेली. लग्नामुंजीत आहेर म्हणून देता यावीत अशी गिफ्ट कार्डं त्यांनी काढली होती. नव्या जोडप्याच्या घरी चार-चार कॅसरोल साचतात, त्यावरचा उपाय. लोकांनी पैसे देऊन कार्डं नेली आणि पाठोपाठ आग लागली.

"लोकांना तोंड कसं दाखवू, साहेब? आणि आता ओळखीचे सांगतात, ती कार्डं अजून पेठेत चालताहेत. माझ्या नावाने कोणीतरी खोटी कार्डं खपवतंय. दुकान गेलं, आता नावही जाणार."

बंद दुकानाची कार्डं चालतात म्हणजे मागे टोळी असणार, हा माझा सरळ अंदाज. साध्या वेशात एका महिला हवालदारांना पाळतीवर ठेवलं. त्यांनी जळलेल्या दुकानाशेजारच्या साडीच्या दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एक गिऱ्हाईक कार्ड देऊन साडी घेऊन गेलं. साडीवाल्या बाईंना मी चौकशीसाठी बोलावलं. त्या आल्या त्याच मुळी कार्डांचा डबा काखोटीला मारून.

"ही कार्डं तुम्ही छापता?"

"आमचं साड्यांचं दुकान आहे. छापखाना नाही."

"जळलेल्या दुकानाचं कार्ड म्हणजे रद्दी. घेता कशाला?"

"तुमच्या लेखी रद्दी. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेत."

"यात आणखी कोण कोण आहे?"

"अख्खी गल्ली."

मी आवाज चढवला, फसवणुकीचं कलम ऐकवलं. बाई ढिम्म. मग शांतपणे म्हणाल्या, "आग लागली तेव्हा ते स्वतःचा माल सोडून आमच्या दुकानात शिरले. आमच्या साड्या त्यांनी बाहेर ओढून काढल्या. पलीकडच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातही तेच केलं. तोवर त्यांचं दुकान संपलं होतं. आता आम्ही त्यांची कार्डं परत करायची आणि पेठेने त्यांना लबाड म्हणायचं? ते आम्हाला जमायचं नाही."

डब्यातली कार्डं तपासली. एकूण एक खरी, त्या गृहस्थांच्याच सहीची. लबाडीसाठी एकत्र आलेली माणसं मी भरपूर पाहिली होती. दुसऱ्याचं नाव राखायला पदरचा माल देणारी आणि त्याच्यापासूनच ते लपवणारी गल्ली प्रथमच पाहत होतो.

त्या गृहस्थांनाही मी त्या दिवशी बोलावून घेतलं होतं, ते बाहेर बसले होते. त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आपण विचारायला आलात कुठे?" बाई म्हणाल्या. गृहस्थ लहान मुलासारखे रडू लागले.

पण कायदा मला सांगावाच लागला. दुकानाने स्वतःचं कार्ड काढावं, ते त्याच दुकानात चालावं, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. तेच कार्ड इतरांच्या दुकानांत चालू लागलं, की देशाच्या मध्यवर्ती बँकेची परवानगी हवी.

"म्हणजे हे बंद?" बाईंनी विचारलं.

"बंद."

"बरं. मग आत टाका. कार्ड आलं तर मी परत पाठवणार नाही."

ओळखीच्या वकिलांना फोन लावला. त्यांनी वाट सुचवली: गल्लीने माल या गृहस्थांना द्यावा, विक्री त्यांनी करावी आणि बिलही त्यांच्याच दुकानाच्या नावाने फाडावं. म्हणजे कार्ड ज्याचं, विक्रीही त्याचीच.

"जागा?" गृहस्थांनी भीत भीत विचारलं.

"आमच्या दुकानात अर्धा ओटा मोकळा आहे," बाई म्हणाल्या. "उद्या वेळेवर या."

गुन्हा दाखल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. संशयिताला एकटं गाठा, म्हणजे तो बोलतो, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी कळलं, काही माणसं एकटी सापडतच नाहीत. बाई निघाल्या तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि त्यांना वाकून नमस्कार केला.