अंबाडीतले दोन डबे

ती घटना आजही आठवते. पण गांजामुळे नव्हे, माझ्या स्वतःच्या जळफळाटामुळे. निवृत्त माणसानं खोटं कशाला बोलावं?

मी मूळचा रत्नागिरीकडचा. अमिरातीत पोलिसात दुभाष्या म्हणून लागलो आणि अरबी, हिंदी, मराठी करत करत तपासाच्या कामात शिरलो. वीस वर्षं घासली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या डोक्यावर एक तरुण लेफ्टनंट आणून बसवला. परदेशात शिकलेला, देखणा, सगळ्यांशी गोड बोलणारा. तो ठाण्यात आला की शिपाईसुद्धा खुलायचे. मला ते बघवायचं नाही. तो चुकावा, एकदा तरी सपशेल तोंडावर पडावा, अशी वाट बघत मी रोज हजेरीला उभा राहायचो.

एका सकाळी निनावी फोन आला. ऊद मेथा वस्तीत अमुक इमारतीत, एका हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाच्या गॅलरीत गांजा लावलाय. ड्यूटीवरच्या कारकुनानं फोनवर ऐकलं तसं वहीत उतरवलं: 'गॅलरी. मागचे दोन डबे.'

लेफ्टनंट म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला. अर्ध्या तासात आम्ही दारात होतो.

घर मराठी निघालं. नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मराठवाड्यातली माणसं. तिसऱ्या खोलीत नवऱ्याचा मित्र पोटभाडेकरू म्हणून राहत होता. दोघे एकाच गावचे, एकाच कंपनीतले. गॅलरीत तेलाचे सात डबे पुढे-मागे दोन ओळींत मांडलेले आणि त्यांत हिरवीगार रोपं. हाताच्या बोटांसारखी कापलेली पानं. मी पाहिलं आणि मलाही तो गांजाच वाटला.

"साहेब, अंबाडी आहे ती!" नवरा ओरडला. "भाजीची अंबाडी! हिला भाकरीबरोबर लागते म्हणून बी गावाहून आणलं."

लेफ्टनंटनं माझ्याकडे पाहिलं. अंबाडीला अरबीत काय म्हणतात हे मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "आंबट पाल्याची भाजी आहे म्हणतो. तुमचं ते लाल करकदेचं सरबत, त्याच्या जातीचं झाड."

तो हसला. "प्रत्येकाची भाजीच असते," म्हणाला. पंचनामा झाला, मुद्देमालाला सील लागलं, नवऱ्याच्या हातात बेड्या पडल्या. मुलगी दारात उभी राहून "व्हेअर आर यू टेकिंग माय पप्पा?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. तो मित्र मात्र फार मदत करत होता. डबे उचलू लागला, वहिनींना धीर देऊ लागला. मला म्हणाला, "साहेब, मला ह्यातलं काय कळतं? मला सगळी पानं सारखीच दिसतात."

प्रयोगशाळेचा अहवाल आला: पाच डब्यांत निरुपद्रवी वनस्पती, मागच्या दोन डब्यांत गांजा. लेफ्टनंट म्हणाला, "खलास. भाजीआड लपवला होता." त्या काळी अशा गुन्ह्याला इथे काय शिक्षा होती ते सांगायची गरज नाही. माणूस कित्येक वर्षं आत, बायको-मुलगी पहिल्या विमानानं परत. कोठडीत नवरा भिंतीला डोकं टेकून बसून होता. जेवणाला शिवत नव्हता.

माझं पोट वेगळ्याच कारणानं दुखत होतं. त्या पोरगेल्या लेफ्टनंटनं एवढ्या मोठ्या केसचा चार दिवसांत निकाल लावला! आता त्याचं कौतुक ऐकायचं, तेही मी. त्या दिवशी मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो तो न्यायासाठी गेलो नाही. त्याची चूक शोधायला गेलो.

आमच्या गावी अंबाडीच्या सालीचे दोर वळतात, लहानपणी मी ती उपटलेली आहे. देठावरून बोट फिरवलं की बारीक काटे टोचतात. पाच डब्यांतली रोपं टोचली. ती बुटकी, जाड देठाची, उन्हात रापलेली होती. उरलेली दोन टोचेनात. ती उंच, फिकट, काडीसारखी बारीक. आणि शेंडे तेवढे उन्हानं करपलेले. मी मनात म्हटलं, अरे, ह्यांनी तर जन्मभर ऊनच पाहिलेलं नाही! ही कुठेतरी बंद जागेत, दिव्याखाली वाढलीत आणि छाप्याच्या दोन-तीन दिवस आधी गॅलरीत आलीत.

मग कारकुनाची वही काढली. 'मागचे दोन डबे.' सात डब्यांतले नेमके दोन कोणते, हे फोन करणाऱ्याला कसं कळलं? घरी जाऊन बायकोला विचारलं, गॅलरीत बाहेरचं कोण येतं?

"कोणी नाही हो साहेब. माझ्या बेडरूममधून जावं लागतं. आम्ही तिघं आणि हे भावजी, वाळत घातलेले कपडे काढायला."

भावजींना ठाण्यात बोलावलं. चहा दिला. टेबलावर एका ताटलीत दोन पानं ठेवली होती, एक अंबाडीचं, एक दुसरं. काट्यांवरून ओळखू येऊ नयेत म्हणून दोन्ही देठाशिवाय खुडलेली. म्हटलं, "तुझा मित्र म्हणतो आंबट भाजी आहे. तू त्यांच्याकडे जेवतोस. चव ओळखशील?"

"हो साहेब, न ओळखायला काय झालं?" त्यानं अंबाडीचं पान उचललं, चावलं. "आंबट आहे."

मी दुसरं पान त्याच्यापुढे सरकवलं. चावू देणार नव्हतोच. त्यानं हात मागे घेतला.

"हे नको, साहेब."

"का रे? तुला तर सगळी पानं सारखीच दिसतात ना?"

चोराच्या मनात चांदणं, ते असं. परवानगी काढून त्याच्या खोलीची झडती घेतली. पहिल्या दिवशी लेफ्टनंटनं ती घेतलीच नव्हती, आणि ही गोष्ट मी अहवालात ठळक लिहायची असं मनाशी ठरवून टाकलं होतं. कपड्यांच्या कपाटात वर एक ट्यूबलाइट बसवलेली होती. खाली मातीचे डाग आणि गॅलरीतल्या दोन डब्यांतून उपटून आणलेली, सुकलेली अंबाडीची दोन रोपं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. जो गुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, तो आधी ह्यानं स्वतः केला होता.

जबाब मराठीत दिला, म्हणून लिहायला मीच होतो.

"आम्ही एकाच विमानानं आलो, साहेब. तो मॅनेजर झाला, मी आहे तिथेच. त्याला फॅमिली व्हिसा मिळाला, मला नाही. माझी बायको गावाला. रोज भिंतीपलीकडून तिघांचं हसणं ऐकायचं. वहिनी चांगल्या आहेत, मला गरम भाकरी वाढायच्या. तीसुद्धा गिळवायची नाही."

गांजाचं बी त्याला फुजैऱ्याच्या बंदरावर कामाला गेला असताना एका खलाशाकडून मिळालं. अंबाडी पाहूनच त्याला ही बुद्धी सुचली. "आयुष्यात कधी झाड लावलं नव्हतं. पहिली रोपं सडली. मग ही दोन जगली. कामावरून आलो की आधी कपाट उघडायचो. नवं पान दिसलं की बरं वाटायचं." मग त्यानं विचारलं, "साहेब, तुमचं कधी असं झालंय? दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही, असं?"

"गप बस आणि सही कर," मी म्हटलं. इतका का चिडलो, ते शेजारी उभ्या शिपायाला कळलं नाही.

ह्या केसनं मला शिकवलं ते तपासाबद्दल थोडं आणि माझ्याबद्दल जास्त. मत्सर माणसाची नजर फार तीक्ष्ण करतो. मित्राच्या ताटातली भाकरीसुद्धा त्या पोटभाडेकरूला दिसत होती आणि मला लेफ्टनंटची प्रत्येक चूक. त्याच्या मत्सरानं एक निरपराध माणूस आत गेला आणि माझ्या मत्सरानं तो बाहेर आला. ह्यात माझं कर्तृत्व काय? लेफ्टनंट बरोबर असता, तर तो खोटा ठरावा म्हणून मी काय काय केलं असतं, ह्याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

नवऱ्याला सोडलं त्या दिवशी तो ठाण्याच्या आवारातच माझ्या गळ्यात पडला. "देवासारखे धावून आलात, साहेब," म्हणत रडत होता. मी त्याच्या खांद्यावरून लेफ्टनंटचा चेहरा पडलाय का ते बघत होतो. पडला नव्हता. तो पोरगा दारात उभा राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून.