दाजींचा दहाचा भूकंप

दाजींचा फोन आला की मी 'हॅलो' म्हणत नसे. थेट विचारायचो, "बोला दाजी, आता काय जळालं?" नांदेडला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि लातूरचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. काही जळाल्याशिवाय त्यांचा फोन येत नसे. दीड महिन्यापूर्वी सकाळी त्यांच्याच नंबरावरून फोन आला, तेव्हाही मी सवयीनं तेच विचारलं. पलीकडून आक्काचा आवाज आला. "बाळू, दाजी गेले रे. झोपेतच." लातूरच्या एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत माझं ते वाक्य मला खात होतं. तेराव्याच्या दिवशी न राहवून आक्काजवळ ते बोलून टाकलं, तर तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

दाजी बाजार समितीत मापाडी होते. आडतीवर काट्यापाशी उभं राहून दिवसभर ओरडायचं, त्यामुळं हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत पोचायची. ऐकायलाही त्यांना तसंच भरदार लागे. लग्नात आमच्या वडिलांनी दिलेला टेपरेकॉर्डर त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाले, "मेव्हणे, ह्यात दम न्हाई." मी तेव्हा गफूर उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. उस्तादांनी त्याला बाहेरून एक अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. दाजी खूश होऊन गेले आणि दोन वर्षांनी परत आले. ह्यातही दम नव्हता. पुढं तीस-पस्तीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. मशीन बदलत गेली, वाक्य तेच राहिलं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या पहाटे त्यांचं घर पडलं नाही, भिंतींना भेगा गेल्या तेवढ्याच. भेगा गवंड्यानं बुजवल्या, आक्काची भीती मात्र बुजली नाही. ती सांगायची, हलण्याच्या आधी आवाज आला होता, जमिनीच्या पोटातून, घुमल्यासारखा. तेव्हापासून खालच्या पट्टीतला कुठलाही आवाज आला की ती हातातलं काम टाकून दाराकडं जायची. ट्रक गेला तरी, आभाळ गडगडलं तरी. त्या काळात सगळ्या लातुरानं घरात एक पालथा तांब्या, त्यावर पेला, त्यावर आणखी एक पेला आणि सगळ्यात वर वाटी अशी चळत रचून ठेवली होती. जमीन जरा हलली की चळत कोसळायची आणि माणसं बाहेर धावायची. वर्ष-दोन वर्षांत लोकांनी आपापले पेले पाणी प्यायला परत घेतले. आक्काची चळत मात्र स्वयंपाकघरात तशीच राहिली. ती रोज ती उतरवायची, घासायची आणि पुन्हा रचायची.

अशा घरात मी होम थेटर नेऊन बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चारी कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली पाचवा, आणि नुसता दणका काढणारा एक वूफर, दाळीच्या डब्याएवढा. दाजींनी युद्धाचा एक सिनेमा लावला. हत्ती-घोडे चालून आले, दाजींनी डोळे मिटले, आवाज वाढवला… आणि स्वयंपाकघरातून पेल्यांचा खणखणाट आला. "पळा!" एवढंच आक्का ओरडली. ती पळाली, तिला बघून शेजारीण पळाली, शेजारणीला बघून गल्ली पळाली. तोवर लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं होतं आणि दाजींनी वरचा मजला क्लासच्या पोरांना भाड्यानं दिला होता. किनवटचा एक आणि मुखेडचे दोघे बनियनवरच खाली आले. त्यातल्या एकानं फिजिक्सच्या नोट्स छातीशी धरल्या होत्या. सगळे रस्त्यावर उभे राहून घराकडं बघत होते आणि आत दाजी एकटेच, डोळे मिटून, लढाई जिंकत होते.

त्या दुपारी आक्कानं वूफरची वायर उपसली, गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात ठेवली. भांडण नाही, आदळआपट नाही. आमची आक्का कमी बोलते आणि बोललेलं बदलत नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. दाजींनी दोष अ‍ॅम्प्लिफायरवर ढकलला. त्यांचं म्हणणं असं, की हलक्या मशीनची नुसती थरथर होते, चांगल्या मशीनचा आवाज सरळ येतो आणि भांड्याला धक्काही लावत नाही. ह्यात थोडं तथ्य होतं आणि माझं दुकान होतं, म्हणून मी मान हलवली. मग नवा रिसीव्हर आला. तो पुरेना म्हणून तीन वर्षांनी त्याच्या जोडीला वेगळा पॉवर अ‍ॅम्प आला. दोन-दोन डबे कशाला, असं आक्कानं विचारलं तर दाजींनी तिला बाजाराच्या भाषेत समजावलं, "रिसीव्हर हा मुकादम, अ‍ॅम्प हा हमाल. मुकादमाला कितीबी अक्कल असू दे, पोतं हमालालाच उचलावं लागतंय." मी चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे, गिऱ्हाइकाला ह्याहून चांगलं मला सांगता आलेलं नाही. गफूर उस्तादांना मात्र तो पॉवर अ‍ॅम्प दाखवला तेव्हा ते म्हणाले, मियाँ, आधी ह्यांच्या घराचा पाया बघून या.

नव्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. तो बसायच्या जागी ठेवायचा, मशीन एकेका स्पीकरातून आवाज काढते, माईक तो ऐकतो आणि खोली कशी आहे ते मशीनला कळतं. त्या वेळी घरात चिडीचूप लागतं. पोरं रविवारी टेस्टला गेली की घर रिकामं व्हायचं, म्हणून मी रविवार गाठून गेलो. सगळं नीट झालं आणि शेवटी पडद्यावर आलं की सब-वूफर सापडत नाही. दाजींनी ते मोठ्यानं वाचलं, मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "ऐकलं का, मशीन इचारायलीय, वूफर कुठाय." आतून उत्तर आलं, "सांगा तिला, पिठात हाय."

जेवताना ते मला खरं काय ते बोलले. इतकी वर्षं मला वाटायचं, ह्या माणसाला फक्त दणक्याचा शौक आहे. दाजी म्हणाले, "तिला आवाजाची भीती हाय, तर आवाजच घरात पाळू म्हणलं. रोज जराक ऐकला की सवय लागंल. तिनं एकदा माझ्याजवळ बसून ऐकावं, एवढंच हाय बघ." ते चक्क हळू बोलले होते. मी आक्काशी बोललो, घासाघीस झाली आणि तह ठरला. दर रविवारी दहा ते साडेदहा वूफर वाजेल, पण आधी गल्लीला सांगायचं, आणि तेवढा वेळ आक्का बाहेर ओट्यावर बसेल.

मग दाजी दर रविवारी पावणेदहाला टोपी घालून घरोघर जायचे. "आज दहाला आपलाच हाय, भिऊ नका." लोक हो म्हणायचे, चहा द्यायचे. गल्लीत त्याला दाजींचा दहाचा भूकंप असं नावच पडलं. साडेदहाला दाजी बाहेर येऊन आक्काला विचारायचे, आज येतीस का आत? ती तांदूळ निवडत नाही म्हणायची. वर्षामागून वर्षं गेली. वरच्या मजल्यावरची पोरं डॉक्टर होऊन गेली, नवी आली, तीही गेली. आक्काचं उत्तर बदललं नाही.

आणि एका रविवारी, दहाला अजून अवकाश होता, खरीच जमीन हलली. धक्का लहान होता, पण चळत कोसळली. गल्लीतून एकही माणूस पळाला नाही. उलट चार घरांतून आवाज आला, दाजी, अजून दहा वाजले न्हाईत! दाजी त्या वेळी अंघोळीला बसले होते. ते साबणासकट बाहेर आले, आक्काचा हात धरून तिला रस्त्यावर नेलं आणि पंच्यावरच उभं राहून, आडतीवरचा आवाज काढून त्यांनी सगळ्या गल्लीला घराबाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही. लोक नंतर आठवडाभर हसत होते. दाजी हसले नाहीत. अंग कोरडं करून त्यांनी वूफरची वायर स्वतःच काढली आणि आक्काच्या हातात दिली. मला फोनवर म्हणाले, "आवाज पाळायला गेलो अन् गल्लीचे कान बधिर केले. बास झालं." मी म्हणालो, तेवढा वूफर सोडून बाकी थेटर ऐका. ते म्हणाले, ऐकतो की, पण ह्यात दम न्हाई. त्यानंतर ते दोन वर्षं जगले.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा लातूरला गेलो. एका क्लासच्या सरांना त्यांच्या मोठ्या हॉलसाठी तो अ‍ॅम्प हवा होता. आक्कानं बघू म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ हो, असं मी धरलं. पेचकस घेऊन बसलो, मागच्या दोन वायरी सोडवल्याही. आक्का दारात येऊन उभी राहिली.

"कामून काढलालास?"

"ते सर उद्या न्यायला येतेत की."

"ते काय लावतेल त्याच्यावर?"

म्हटलं, काही नाही, शिकवतील, माईकवर बोलतील. आक्कानं वर छताकडं बघितलं. वरच्या मजल्यावरची पोरंसुद्धा दाजी गेल्यापासून पाय न वाजवता चालत होती. मग ती म्हणाली, "घर हलंना बघ, बाळू."

मी सोडवलेल्या वायरी पुन्हा जोडल्या. वूफरची वायर मागितली, तिनं आणून दिली. दाजींच्या पेनड्राइव्हवर भजनं होती, त्यातलं पखवाजाचं एक लावलं आणि घाबरत घाबरत, अगदी हळू ठेवलं. आक्का ओट्यावर गेली नाही. ती वूफरजवळ खाली बसली, ज्या डब्याजवळ ती एकदा वायर उपसण्यापुरतीच गेली होती, त्याच्यावर तिनं हाताचा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. पखवाजाची थाप पडली की तिची बोटं जराशी उचलली जात होती. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "जराक वाढव."