साहेब ‘येस’ म्हणाले

आमच्या जहाजावर खानदेशी आम्ही दोघंच. मी केळीच्या मुलखातल्या असोद्याचा, इंजिनरूममधला साधा खलाशी. आणि लेफ्टनंट साहेब साक्रीकडचे. चारचौघांत कडक इंग्रजी, माझ्याशी मात्र हटकून अहिराणी. “काय रे केळीवाला, जेवना का?” असं विचारून माझी फिरकी घ्यायचे.

लढाईत एका संध्याकाळी पाणतीर लागला. दिवे गेले, जहाज एका अंगावर कलंडलं. खालून वर यायला एकच शिडी, तिच्या तोंडाशी साहेब. हाताला लागेल त्याला मानगूट धरून वर ओढत होते. माझं लाइफ जॅकेट खालीच राहिलेलं. त्यांनी स्वतःचं काढून माझ्या गळ्यात अडकवलं. मी घुटमळलो, तर खेकसले, “तू पुढे व्हय, मी येस.” आणि उरलेल्यांसाठी खाली उतरले.

अहिराणीत ‘येस’ म्हणजे येतो.

आमचा तराफा दोराने जहाजाला बांधलेला. बुडतं जहाज आम्हालाही ओढून नेणार, हे सगळ्यांना दिसत होतं. साहेबांनी बाहेर ढकललेली माणसं तराफ्यात येऊन पडत होती. साहेब दिसेनात. मी गाठीवर दोन्ही हात दाबून ओरडत राहिलो, “साहब येस बोले! येस बोले!”

शेजारचा दक्षिणेकडचा हवालदिल गडी चाकू काढून म्हणाला, “येस बोले ना? फिर काट!” आणि त्याने दोर कापला.

क्षणभर मला काही कळेना. कळलं तेव्हा असा संताप आला की मी त्याचा गळाच धरला. पण तोवर जहाज पाण्याखाली गेलं होतं. त्या ‘येस’मुळे आम्ही सगळे वाचलो, याचा राग मी कुणावर काढणार?

सुटी मिळताच साक्री गाठली. देह सापडला नव्हता. साहेबांच्या धाकट्या भावाने दारातच बजावलं, “माय आजून वाट पाहस. दहावंबी करू देत नही. जपीसन बोला.”

आणि साहेबांच्या आईने, अक्कांनी, नेमकं नको तेच विचारलं. “शेवटलं काय बोलना मना पोऱ्या?”

खरं सांगावं, तर ही माउली मरेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसणार. खोटं सांगावं, तर साहेबांचं जॅकेट घालून जगलेला मी, कोणत्या तोंडाने सांगू? शेवटी सांगून टाकलं, “म्हणाले, तू पुढे व्हय, मी येस.”

भाऊ माझ्याकडे रागाने पाहत होता.

“घरमाईन निंघतानाबी तेच म्हने,” त्या म्हणाल्या. “जास असं कधीच बोलना नही.” मग धाकट्याकडे वळून म्हणाल्या, “निरोप लिसन गया तो. आते त्यानं दहावं करा.”

निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणूनच निरोप घेतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण तराफ्यावर ते सुचलंच नाही. रडलो तो मीच. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.