येतो म्हणा

"आधी येतो म्हणा, मग झोपा."

ऑपरेशनच्या टेबलावरच्या प्रत्येक पेशंटला आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर हे सांगत. सुई टोचलेली, औषध हातात, आणि हे थांबलेले. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, तसंच. कानडीतही तीच रीत. हूटगळ्ळीचा एक रिक्षावाला "होगि बर्तीनि सार," जाऊन येतो, असं ठणकावून म्हणाला, तेव्हा सर जाम खूश झाले होते.

म्हैसूरच्या त्या दवाखान्यात थिएटरची व्यवस्था माझ्याकडे होती. कोणती केस कधी, ट्रे कोणता, रक्त आलं का, याची यादी सकाळीच तयार. सरांच्या हट्टापायी ती रोज मागे पडे. मी कुरकुरले की म्हणत, "सिस्टर, भुलेत माणूस कुठं जातो ते मलाही ठाऊक नाही. येतो म्हणाला तर बिघडलं काय?"

तरी देवाधर्माशी त्यांचं वाकडं. घराणं जुन्या म्हैसूर लष्करातल्या मराठ्यांचं, घरी भवानीचा मोठा देव्हारा. हे मात्र हात जोडत नसत. आमचे सर्जन थिएटरबाहेरच्या चामुंडेश्वरीला फूल वाहिल्याशिवाय आत येत नसत. ते चिडवायचे, "सर, देव नको, पण हा मंत्र बरा चालतो!"

"मंत्र कसला? सुम्ने बोलू नका." सुम्ने म्हणजे उगाच. "घाबरलेल्या मेंदूला परतीचं काम सांगून ठेवतो. सायकॉलॉजी आहे ही."

गोकुलममध्ये योग शिकायला आलेल्या एका परदेशी मुलीचं अपेंडिक्स काढायचं होतं. तिनंही "येटो" म्हटलं. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द तोच. "आलीस की गं!" म्हणत सरांनी त्या दिवशी सगळ्यांना कॉफी पाजली.

मेंदू मेलेल्या पेशंटच्या घरच्यांशी बोलताना मात्र ते कोरडे असत. "छाती हलतेय ती मशीनमुळे. आत माणूस नाही." एवढंच.

मग त्यांची पत्नी बाजारात कोसळली. मेंदूत रक्तस्राव. आमच्याकडे आणलं ते व्हेंटिलेटरवरच. नियमाच्या सगळ्या तपासण्या दुसऱ्या डॉक्टरांनी केल्या, पुन्हा केल्या. आत कुणी नव्हतं. सरांनी रिपोर्ट वाचले, मान हलवली, आणि मशीन काढायला नकार दिला.

सर्जन त्यांच्या शेजारी बसले. "सर, आत्मा कधीच गेलाय. देहाला का अडकवताय?"

"आत्मा-बित्मा मला सांगू नका."

"मग रिपोर्ट तरी माना."

सरांनी रिपोर्टची फाइल मिटली. मग म्हणाले, "सकाळी निघताना गेटापाशी 'येते' म्हणाली हो. येते म्हणून गेलीये ती."

सर्जन उठून बाहेर गेले.

दोन दिवसांनी दुपारी सरांनी मला बोलावलं. मी पडदा ओढला. ते पत्नीच्या कानाशी वाकले. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणायची आपल्यात पद्धत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

"जा आता," ते म्हणाले. "घरचं मी बघतो."

त्यानंतर ते कामावर आले, पण पेशंटला गुपचूप झोपवत आणि गुपचूप उठवत. माझी यादी पहिल्यांदाच वेळेवर संपू लागली. थोड्याच आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी डबा आणि चष्म्याचं घर हातात घेऊन ते लिफ्टपाशी उभे होते.

"सर," मी म्हटलं, "येतो म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं.